वंशावळीचं सॉफ्टवेअर नाती कशी ठरवतं: सगे, सोयरे आणि दत्तक नोंदवताना

वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये घरची पन्नास-साठ नावं भरून झाली की पहिली तक्रार ठरलेली असते. दीर, मेहुणा आणि बहिणीचा नवरा, तिघांपुढे एकच लेबल: ब्रदर-इन-लॉ. मामाही अंकल आणि काकाही अंकल. वडिलांचा चुलतभाऊ आणि चुलतभावाचा मुलगा या दोघांना तर एकच नाव मिळतं, आणि मुलीच्या सासऱ्यांशी तुमचं काहीच नातं नाही असं उत्तर येतं.

सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. त्याची मोजणी बरोबर असते, फक्त उत्तर इंग्रजी घरातल्या नात्यांच्या शब्दांत येतं. म्हणून लेबल कमी वाचायचं आणि त्यामागची वाट, म्हणजे कोणाच्या आईवडिलांतून कोणापर्यंत पोचलो, ती नीट वाचायची. खालच्या पायऱ्यांमध्ये उदाहरणं बहुतेक ग्रॅम्प्स या प्रोग्रॅमची आहेत. तो फुकट आहे, इंटरनेटशिवाय आपल्याच संगणकावर चालतो आणि देवनागरी नावं सरळ घेतो. रूट्समॅजिक, मायहेरिटेज, जेनी, फॅमिलीसर्च यांपैकी दुसरं काही वापरत असाल तर बटणांच्या जागा वेगळ्या असतील, मोजण्याची रीत तीच.

१. बसण्याआधी हाताशी काय हवं

- जन्म-मृत्यूचे दाखले. जुन्या पिढ्यांसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक.
- शाळा सोडल्याचा दाखला किंवा प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा.
- सातबारा, फेरफार आणि वारसनोंदींचा गाव नमुना ६क. घरच्या वंशावळीत मुली आणि विधवा बहुधा गळालेल्या असतात, त्या वारसफेरफारात सापडतात.
- लग्नपत्रिका. यांना कमी लेखू नका. दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं, गाव, आणि ‘ज्येष्ठ चिरंजीव’, ‘कनिष्ठ कन्या’ असा भावंडांचा क्रम एकाच कागदावर मिळतो.
- दत्तकपत्र असेल तर त्याची प्रत.
- छापील कुलवृत्तांत किंवा त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतली नोंद. यात पुरुषांची साखळी चांगली मिळते, बायकांची माहेरं क्वचित.

जुन्या कागदावर शक असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तारखेला ७९ मिळवा. ग्रॅम्प्सच्या दिनदर्शिकांच्या यादीत शालिवाहन शक नाही. त्यामुळे इसवी सन तारखेच्या रकान्यात भरा आणि मूळ मिती टिपणात जशीच्या तशी उतरवा.

स्त्रियांची नावं भरताना एक नियम सुरुवातीलाच पाळा: माहेरचं नाव हे मुख्य नाव, सासरचं नाव हे पर्यायी नाव. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, जुन्या पिढीत पहिलं नावही बदलायचं. हा नियम मोडला की एकच बाई दोनदा शिरते, एकदा कुणाची तरी मुलगी म्हणून आणि एकदा कुणाची तरी सून म्हणून. मग त्या दोन घरांमधलं नातं सॉफ्टवेअरला कधीच दिसत नाही.

२. सॉफ्टवेअर नेमकं काय साठवतं ते समजून घ्या

फक्त दोन गोष्टी: कोण कुणाचं मूल आणि कोण कुणाचा जोडीदार. प्रत्येक माणसाची एक नोंद असते आणि प्रत्येक जोडप्याची एक कुटुंबनोंद असते. कुटुंबनोंदीत नवरा, बायको आणि मुलं यांच्या जागा असतात. ‘मामा’ किंवा ‘नणंद’ असं कुठेही लिहून ठेवलेलं नसतं. तुम्ही नातं विचारता त्या क्षणी या जोडण्यांवरून चालत जाऊन ते काढलं जातं.

नवखे इथेच अडकतात. मामा भरायचे म्हणून ‘मामा’ असा रकाना शोधतात, तो सापडत नाही, आणि मग ‘असोसिएशन’ नावाच्या कप्प्यात नातं शब्दांत लिहून टाकतात. तो कप्पा साक्षीदार, गुरू, शेजारी, मानलेला भाऊ अशांसाठी आहे. त्यात लिहिलेलं मोजणीत धरलं जात नाही.

मामांना जोडण्याची बरोबर पद्धत:

- आईची नोंद उघडा आणि तिच्या आईवडिलांची कुटुंबनोंद तयार करा.
- आजोबा-आजींची नावं माहीत नसली तरी नोंदी करा. नावाच्या जागी ‘अज्ञात’ न लिहिता रकाना रिकामा ठेवा, नाहीतर पुढे ‘अज्ञात’ नावाची वीस माणसं यादीत एकाखाली एक येतात.
- त्याच कुटुंबात मामांना मूल म्हणून जोडा.

आईवडिलांची जोडणी नसेल तर दोन सख्खी भावंडंही परकी ठरतात. शंभरातल्या नव्वद ‘नातं सापडलं नाही’ उत्तरांचं कारण मधली एक रिकामी पिढी हेच असतं. ग्रॅम्प्समध्ये टूल्स → युटिलिटीज → नॉट रिलेटेड इथे गेलात की निवडलेल्या माणसाशी कुठल्याच वाटेने न जोडलेल्यांची यादी मिळते. पहिल्या आठवड्यात ती रोज काढून पाहायला हरकत नाही.

लिंगाचा रकाना रिकामा सोडू नका. बाळ, नाना, बापू, ताई, माई अशी घरगुती नावं जुन्या याद्यांत असतात आणि लिंग ‘अज्ञात’ राहून जातं. मग लेबल ‘काका किंवा आत्या’ अशा धाटणीचं गुळमुळीत येतं.

३. केंद्रव्यक्ती ठरवा

ग्रॅम्प्समध्ये हिला होम पर्सन म्हणतात. सगळी लेबलं तिच्या नजरेतून लागतात. ती बदलली की पडद्यावरचं प्रत्येक नातं बदलतं, साठवलेल्या माहितीला मात्र धक्का लागत नाही. स्वतःला केंद्र ठेवून काम करा. आजोबांच्या सगळ्या नातवंडांना प्रत द्यायची असेल तेव्हा मात्र आजोबांना केंद्र करून अहवाल काढा, नाहीतर आतेभावाच्या हाती ‘तुझे वडील: माझे आतोबा’ असला कागद पडतो.

नातं किती पिढ्या वर जाऊन शोधायचं यालाही मर्यादा असते. ग्रॅम्प्समध्ये ती मुळात १५ पिढ्यांची आहे आणि प्रेफरन्सेसमध्ये बदलता येते. घरगुती वंशावळीला १५ पुरतात. कुलवृत्तांतातून वीस पिढ्या उतरवून घेतल्या असतील तर आकडा वाढवा, पण मोठ्या झाडावर शोध मंदावेल.

४. रक्ताचं नातं: दोन आकडे आणि एक वाट

हा भाग सावकाश वाचा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

दोन माणसांचा सर्वांत जवळचा समान पूर्वज शोधला जातो. तुमच्यापासून त्या पूर्वजापर्यंत किती पायऱ्या हा पहिला आकडा. दुसऱ्या माणसापासून त्याच पूर्वजापर्यंत किती पायऱ्या हा दुसरा. मोजणी शून्यापासून: तुम्ही शून्य, आईवडील एक, आजी-आजोबा दोन, पणजी-पणजोबा तीन.

- १ आणि १: भावंडं.
- २ आणि १: काका, मामा, आत्या, मावशी.
- १ आणि २: पुतण्या, पुतणी, भाचा, भाची.
- २ आणि २: चुलत, आते, मामे, मावस भावंडं. लेबल: फर्स्ट कझिन.
- ३ आणि १: आजी-आजोबांची भावंडं. काही प्रोग्रॅम याला ग्रँड-अंकल म्हणतात, काही ग्रेट-अंकल. माणूस तोच.
- ३ आणि २: वडिलांचा किंवा आईचा चुलत, आते, मामे, मावस भाऊ. लेबल: फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड.
- २ आणि ३: तुमच्या चुलत, आते, मामे, मावस भावंडाचं मूल. लेबल: पुन्हा फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड.
- ३ आणि ३: पणजोबा समान. लेबल: सेकंड कझिन.

सूत्र असं: दोन आकड्यांपैकी लहान आकड्यातून एक वजा केला की कझिनचा क्रम मिळतो. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ‘रिमूव्ह्ड’, म्हणजे मधलं पिढ्यांचं अंतर. आकडे ५ आणि ३ असतील तर सेकंड कझिन, ट्वाइस रिमूव्ह्ड.

यातला सापळा वरच्या यादीत दिसलाच असेल. ‘रिमूव्ह्ड’ला वर-खाली कळत नाही. चुलत काका आणि चुलत पुतण्या एकाच लेबलाखाली येतात. काही प्रोग्रॅम शेवटी वर किंवा खाली अशी खूण जोडतात, बरेच जोडत नाहीत. म्हणून हे लेबल दिसलं की दोन्ही आकडे वेगळे पाहायचे.

आता वाट. २ आणि २ या आकड्यांवरून चुलत की मामे हे कळत नाही, कारण त्यासाठी मधली माणसं पुरुष की स्त्री हे लागतं. वडिलांमार्गे पायरी असेल तर ‘व’ आणि आईमार्गे असेल तर ‘आ’ असं लिहून पाहा. आधी तुमची बाजू, मग त्याची:

- व / व: चुलतभाऊ
- व / आ: आतेभाऊ
- आ / व: मामेभाऊ
- आ / आ: मावसभाऊ

ही माहिती सॉफ्टवेअरकडे असतेच. ग्रॅम्प्स आतल्या आत वडिलांच्या पायरीला इंग्रजी लहान ‘एफ’ आणि आईच्या पायरीला लहान ‘एम’ अशा अक्षरांची माळ तयार करतो. जन्माने नसलेल्या पालकासाठी तीच अक्षरं मोठ्या लिपीत येतात. इंग्रजी लेबल बनवताना ही माळ बहुतांशी वापरली जात नाही, एवढंच. स्वीडिशमध्ये वडिलांचा भाऊ आणि आईचा भाऊ यांना वेगळे शब्द आहेत आणि ग्रॅम्प्सच्या स्वीडिश नातेगणकात ते वेगळे निघतात. त्यासाठी हीच माळ कामी येते. तेव्हा ‘परदेशी सॉफ्टवेअरला मामा कळणारच नाही’ ही समजूत खरी नाही.

३ आणि २ या जोडीत मधली तीन माणसं असतात: तुमचे पालक, त्यांचे पालक आणि समोरच्याचे पालक. म्हणजे आठ वाटा. त्यातल्या ‘व-व / व’ला चुलत काका म्हणता येतं. ‘आ-आ / व’ला घरात कुणी एक शब्द वापरत नाही, ‘आईचा मामेभाऊ’ असंच म्हणतात आणि तसंच लिहावं. ओढूनताणून शब्द तयार करू नयेत.

भाचा आणि पुतण्या यांत आणखी एक गोष्ट लागते: बोलणारा कोण. बहुतेक घरांत बोलणारा पुरुष आणि जोडणारं भावंडही पुरुष असेल तरच पुतण्या. बोलणारी बाई असेल तर भावाचा मुलगा तिचा भाचा, कारण ती आत्या. केंद्रव्यक्ती बदलून काकाच्या जागी त्याची बहीण ठेवलीत की तोच मुलगा पुतण्या न राहता भाचा होतो.

थोरलं-धाकटं मात्र या माळेत नसतं. ते जन्मतारखेवरून किंवा कुटुंबनोंदीतल्या मुलांच्या क्रमावरून काढावं लागतं. तारखा नसतील तर मुलांची यादी हाताने वरखाली सरकवून लग्नपत्रिकेतल्या ज्येष्ठ-कनिष्ठप्रमाणे लावून ठेवा.

५. सख्खं आणि सावत्र

सॉफ्टवेअर इथे मराठीपेक्षा बारीक चाळतं. एक पालक समान असेल तर हाफ, एकही पालक समान नसून केवळ पालकांच्या दुसऱ्या लग्नामुळे जोडले गेले असतील तर स्टेप. आपण दोघांनाही सावत्र म्हणतो. मराठीत लेबल लिहिताना ‘सावत्र (वडील एक)’, ‘सावत्र (आई एक)’, ‘सावत्र (रक्ताचं नाही)’ असं फोडून लिहा. वारसाचा प्रश्न आला की हा फरक लागतो: हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मध्ये इतर बाबी समान असतील तर सख्ख्याला हाफ नात्याच्या आधी स्थान आहे, आणि स्टेप भावंड त्या भावंडाच्या नात्याने वारस होत नाही.

दोन बायका असलेल्या पूर्वजासाठी दोन कुटुंबनोंदी करा आणि प्रत्येक मूल त्याच्या आईच्या कुटुंबात घाला. सगळी मुलं पहिल्या बायकोच्या नोंदीत कोंबली की सगळी सख्खी दिसतात. कोणतं मूल कोणाचं हे माहीत नसेल तर अंदाज करू नका. आईची जागा रिकामी असलेली तिसरी कुटुंबनोंद करून ती मुलं तिथे ठेवा. काही प्रोग्रॅम त्यांना हाफ दाखवतील. ते चूक असेल, पण निदान उघड दिसणारी चूक असेल आणि पुढे फेरफार सापडला की दुरुस्त होईल.

६. लग्नामुळे झालेली नाती

रक्ताचं नातं काढून झालं की प्रोग्रॅम तुमच्या जोडीदाराच्या जागी उभा राहून तीच मोजणी करतो, आणि समोरच्याच्या जोडीदाराच्या बाबतीतही तेच करतो. जे सापडेल त्यापुढे ‘इन-लॉ’ लागतं. त्यामुळे एका लेबलात इतकी माणसं मावतात:

- तुमचा जोडीदार → त्याचं भावंड: दीर, नणंद, मेहुणा, मेहुणी.
- तुमचं भावंड → त्याचा जोडीदार: वहिनी, बहिणीचा नवरा.
- तुमचा जोडीदार → त्याचं भावंड → त्याचा जोडीदार: जाऊ, नणंदेचा नवरा, साडू.

पहिल्या दोन प्रकारांत एक लग्न ओलांडलं जातं, तिसऱ्यात दोन. तिसरा प्रकार काही प्रोग्रॅम दाखवतात, काही ‘नातं नाही’ म्हणून सोडतात. तुमचा प्रोग्रॅम कोणत्या प्रकारचा आहे हे पाहायला साडू किंवा जाऊ हीच सोपी चाचणी.

लग्न वाटेच्या टोकाला असेल तर ओलांडलं जातं, मधोमध असेल तर सहसा नाही. व्याही आणि विहीण इथेच सुटतात. तुम्ही → तुमची मुलगी → तिचा नवरा → त्याचे वडील: लग्न बरोबर मध्यावर. नातवंडांच्या रक्तात दोन्ही घरं असली तरी व्याह्या-व्याह्यांचा समान पूर्वज नाही आणि जोडीदाराच्या जागी उभं राहूनही तो सापडत नाही. ग्रॅम्प्समध्ये यासाठी ‘डीप कनेक्शन्स’ नावाचं ग्रॅम्पलेट, म्हणजे ग्रॅम्प्सला जोडायचं छोटं साधन, वेगळं घ्यावं लागतं. ते लेबल देत नाही, केंद्रव्यक्तीपासून निवडलेल्या माणसापर्यंतची कडी-कडी वाट लिहून दाखवतं. सोयऱ्यांच्या बाबतीत तेच जास्त उपयोगी. जेनीवर रक्ताची आणि लग्नाची सर्वांत जवळची वाट वेगवेगळी मागता येते. विकीट्री या संकेतस्थळावर समान पूर्वज शोधणारं साधन वेगळं आणि लग्नांतून जोडणी शोधणारं वेगळं आहे. तिथे चुकीचं साधन उघडून ‘नातं नाही’ म्हणणारे बरेच असतात.

चुलतसासरे, मामेसासरे, आतेसासू, मावससासू, आजेसासू ही सगळी नाती मोजणीत सहज निघतात: जोडीदाराच्या जागी उभं राहून २–१, आजेसासूसाठी २–०, मोजायचं आणि वर दिलेली ‘व’, ‘आ’ची माळ वाचायची. भाचेजावई, नातसून यांच्यासाठी उलट, समोरच्याच्या जोडीदाराकडून मोजायचं.

घटस्फोट घटना म्हणून नोंदवला तर नवरा-बायकोच्या लेबलाला काही प्रोग्रॅम ‘माजी’ लावतात. सासू, दीर, नणंद ही लेबलं सहसा तशीच राहतात. जोडीदार वारला तरीही तसंच. ते योग्य की अयोग्य हे घरानं ठरवायचं. कुटुंबनोंद पुसून टाकणं हा उपाय मात्र नव्हे, त्यामुळे त्या लग्नातली मुलं लोंबकळतात.

७. दत्तक

जुन्या वंशावळीत ‘दत्तक गेला’, ‘दत्तक आला’ हे शेरे वारंवार भेटतात, त्यामुळे हे वळण टाळता येत नाही.

मुलाला दोन्ही कुटुंबांत जोडायचं. ज्या घरी जन्मला तिथे पालक-मूल नातं ‘बर्थ’, ज्या घरी दत्तक गेला तिथे ‘ॲडॉप्टेड’. ग्रॅम्प्समध्ये हे आई आणि वडील यांच्यासाठी वेगळं निवडता येतं. विधवेने नवऱ्याच्या पश्चात दत्तक घेतल्याच्या जुन्या नोंदीत तारीख आणि कुणी घेतलं हे टिपणात लिहा. दत्तकविधान ही स्वतंत्र घटना म्हणूनही नोंदवा.

आता दोन सापळे. पहिला: ग्रॅम्प्सच्या इंग्रजी लेबलात जन्माने नसलेल्या कुठल्याही पालकत्वाला ‘स्टेप’ लागतं. म्हणजे दत्तक मुलगा ‘सावत्र मुलगा’ म्हणून छापला जातो. घरात वाटायच्या कागदावर हे गेलं तर वाद ठरलेला. अहवाल बाहेर देण्याआधी ‘स्टेप’ हा शब्द शोधून प्रत्येक ठिकाणी पाहा.

दुसरा: सख्ख्या चुलत्याला दत्तक जाणं आपल्याकडे सर्रास होतं. अशा माणसाचे जन्मदाते वडील आणि दत्तक वडील भाऊ असतात, त्यामुळे त्याचा सख्खा भाऊ दत्तक वाटेने चुलतभाऊ निघतो. सॉफ्टवेअर दोन्ही उत्तरं देतं आणि दोन्ही खरी आहेत. रक्ताने भाऊ, कायद्याने चुलतभाऊ. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या १२व्या कलमानुसार दत्तकाच्या तारखेपासून जन्मघराशी संबंध तुटून ते दत्तक घराशी जोडले जातात. जन्मघरात ज्यांच्याशी लग्न निषिद्ध होतं ते मात्र निषिद्धच राहतं. म्हणूनच जन्माची जोडणी पुसू नका.

८. एकाच दोघांची दोन-तीन नाती

मामाच्या मुलीशी लग्न, साटंलोटं आणि काही समाजांत विधवेचा धाकट्या दिराशी लागणारा पाट, या तिन्हींमुळे महाराष्ट्रातल्या वंशावळी फांद्यांसारख्या पसरत नाहीत, त्या परत एकमेकींत शिरतात.

मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या पुरुषाला त्याची बायको मामेबहीणही आहे आणि मामा सासरेही. बहुतेक प्रोग्रॅम एकच लेबल निवडतात, साधारणतः सर्वांत जवळचं. ग्रॅम्प्समध्ये टूल्स → युटिलिटीज → रिलेशनशिप कॅल्क्युलेटर उघडून दोन माणसं निवडली की सापडलेली सगळी नाती, प्रत्येकाच्या समान पूर्वजांसह, एकाखाली एक मिळतात. फक्त खालच्या पट्टीतलं एक लेबल पाहून थांबू नका.

साटंलोटं म्हणजे दोन घरांनी एकमेकांच्या मुली केलेल्या. त्यात नणंद हीच भावजय असते, आणि दोन्ही जोडप्यांची मुलं एकमेकांना आतेही लागतात आणि मामेही. समान पूर्वजांच्या दोन जोड्या दिसल्या की लगेच ‘दुबार नोंद’ समजून माणसं एकत्र करू नका. आधी लग्नं तपासा.

पाटाच्या बाबतीत पहिल्या नवऱ्याच्या मुलांना दीर हा काकाही आणि सावत्र वडीलही. दोन्ही नवऱ्यांपासून झालेली मुलं आई एक असल्याने हाफ भावंडं, शिवाय वडील भाऊ असल्याने चुलतही. कुटुंबनोंदी दोनच करायच्या, बाकीचं मोजणी पाहून घेते.

अशा झाडात पूर्वजांचा तक्ता काढला की एकच पणजोबा दोन चौकटींत येतात. ते बरोबर आहे.

९. मराठी लेबल कुठे लिहायचं

मुख्य नावात कधीच नाही. ‘सदाशिवमामा’ असं नाव भरलं की तुमच्या मुलांसाठी ते चुकीचं होतं, आणि क्रमवारीही बिघडते. तीन जागा वापरता येतात:

- हाक मारायचं नाव टोपणनावाच्या रकान्यात.
- केंद्रव्यक्तीशी असलेलं मराठी नातं ‘नातं’ नावाच्या स्वतःच्या ॲट्रिब्यूटमध्ये (नोंदीला आपण जोडलेल्या जादा रकान्यात), आणि सोबत ते कोणाच्या नजरेतून आहे तेही. ‘मामेसासरे’ एवढंच लिहून दहा वर्षांनी कुणाचे हे कळत नाही.
- सगे आणि सोयरे असे दोन टॅग. सगळ्यांत कमी कष्टाचं आणि गाळणी लावायला सर्वांत सोयीचं.

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर ग्रॅम्प्सच्या भाषावार नातेगणकांच्या धर्तीवर मराठी गणक लिहिता येतो. त्याला दोन्ही आकडे, दोघांचं लिंग, दोन्ही बाजूंची अक्षरमाळ, जन्माचं नातं आहे की नाही आणि कोणत्या टोकाला लग्न आहे हे सगळं आयतं मिळतं. काका-मामा, चुलत-मावस, दीर-मेहुणा एवढ्याने वेगळे पडतात. वर म्हटल्याप्रमाणे थोरलं-धाकटं पडत नाही, आणि व्याही मुळात त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

१०. कायदेशीर कामासाठी आकडे नेताना

सॉफ्टवेअर तुम्हाला शून्य धरतं. कायदा तुम्हाला एक धरतो. ही एका आकड्याची चूक सर्वांत जास्त होते.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मधलं सपिंड नातं वडिलांकडून वर पाचव्या पिढीपर्यंत आणि आईकडून तिसऱ्या पिढीपर्यंत असतं, आणि मोजताना स्वतः पहिली पिढी. म्हणजे सॉफ्टवेअरच्या मोजणीत वडिलांकडून ४ आणि आईकडून २ पायऱ्या. दोघांचा समान पूर्वज दोघांच्याही आपापल्या मर्यादेत येत असेल तर ते सपिंड. याखेरीज निषिद्ध नात्यांची वेगळी व्याख्या आहे, तिच्यात दोन भावांची, दोन बहिणींची आणि भाऊ-बहिणीची मुलं येतात. दोन्हींना रूढीचा अपवाद आहे, मामेबहिणीशी होणारी लग्नं त्यातच बसतात. उत्तराधिकार अधिनियमाच्या १३व्या कलमातही मृत व्यक्तीला धरूनच पिढ्या मोजायच्या आहेत.

काही अहवालांत ‘सिव्हिल डिग्री’ हा रकाना असतो. ती दोन आकड्यांची बेरीज: भावंडं २, काका ३, चुलतभाऊ ४. भारतीय कायद्यातल्या पिढीमोजणीशी ती जुळत नाही, अर्जात उतरवू नका.

फक्त पुरुषांमधून जोडलेले नातेवाईक हवे असतील तर दोन्ही बाजूंची माळ पूर्ण ‘व’ची आहे का पाहा. शेवटचं माणूस स्त्री असली तरी चालतं, अट मधल्या माणसांची आहे. त्यामुळे आत्या यात येते, आतेभाऊ येत नाही. जात पडताळणीच्या वंशावळीसाठी वडिलांकडच्या रक्तनात्यांची गरज पडते तेव्हा हीच गाळणी लावा: सर्वांत जुन्या ज्ञात पुरुष पूर्वजापासून खाली वंशजांचा अहवाल काढा आणि त्यावरून शपथपत्र पडताळणी समितीच्या नमुन्यात हाताने भरा. सॉफ्टवेअरचा छापील तक्ता त्याची जागा घेत नाही.

११. फाइल दुसऱ्याला देताना

देवाणघेवाणीचं स्वरूप म्हणजे जेडकॉम. ५.५.१ ही आवृत्ती सगळीकडे चालते, ७.० ही २०२१ ची. अक्षरसंच यूटीएफ-८ निवडा. जुन्या आन्सेल संचात देवनागरी नाही, सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसतात.

५.५.१ मध्ये पालक-मूल नात्यासाठी जन्म, दत्तक, प्रतिपाळ आणि मॉर्मन पंथाचा एक विधी एवढेच पर्याय आहेत. सावत्र नाही. तुम्ही घातलेले टॅग आणि मराठी ॲट्रिब्यूट समोरच्या प्रोग्रॅममध्ये टिपणात जाऊन पडतील किंवा गळतील. म्हणून मूळ प्रत ग्रॅम्प्सच्या स्वतःच्या एक्सएमएल स्वरूपात वेगळी ठेवा, आणि हयात माणसांच्या तारखा व पत्ते बाहेर जाणाऱ्या प्रतीतून वगळा. निर्यात करताना तसा पर्याय असतो.

पाठवण्याआधी ती जेडकॉम फाइल एका नव्या, रिकाम्या झाडात स्वतःच उघडून पाहा आणि पाच नाती विचारा: एक मामेभाऊ, एक सावत्र भावंड, एक दत्तक, एक जाऊ किंवा साडू, आणि दुहेरी नातं असलेलं एक जोडपं. जे चुकेल त्याची कुटुंबनोंद मूळ फाइलमध्ये उघडा. बहुतेक वेळा तिथे एखाद्या आईची जागा चुकलेली सापडते.